शरीर थकवा कुठे लपवतं

थकवा मोजणारा सेन्सर असा कुठला नसतोच. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण माणसांच्या अंगावर सेन्सरचे पट्टे बांधून त्यांची हालचाल आणि थकवा अभ्यासणं हे माझं काम, आणि ते ऐकल्यावर समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे तुमच्या त्या पट्ट्याला कळतं, माणूस दमलाय ते?" पट्ट्याला काही कळत नाही. पट्ट्यात एक चिप असते, चिपमध्ये सिलिकॉनचं इवलंसं वजन असतं आणि ते लवचीक दांड्यांवर तोलून धरलेलं असतं. अंग हललं की ते वजन किंचित मागे रेंगाळतं. त्याच्या कडेला फणीसारखे दात असतात, शेजारच्या स्थिर दातांमध्ये गुंतवलेले. दोन्हींमधलं अंतर बदललं की विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते आणि तो बदल आकडा होऊन बाहेर पडतो, सेकंदाला पन्नास-शंभर वेळा. फोन आडवा केल्यावर पडदा फिरतो तो याच करामतीनं. १९९०च्या दशकात हे भाग मोठ्या प्रमाणावर बनू लागले ते मोटारीच्या एअरबॅगसाठी, धडक बसली की नाही एवढंच ओळखायला. माणसाच्या शिणवट्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं.

या अ‍ॅक्सेलरोमीटरचा एक विक्षिप्तपणा मला अजूनही गमतीचा वाटतो. टेबलावर निपचित पडलेला असताना तो ९.८ दाखवतो आणि हातातून सुटून खाली पडत असताना शून्य. त्याला गुरुत्वाकर्षण जाणवत नाही, टेबलानं खालून दिलेला आधार तेवढा जाणवतो. पोश्चर, म्हणजे अंगाची ठेवण, मोजण्याचं निम्मं काम या विक्षिप्तपणावरच चालतं. माणूस स्थिर असेल तर तो ९.८ चा आकडा तीन अक्षांमध्ये कसा वाटला गेलाय ते पाहायचं आणि पाठ किती अंशांनी झुकलीय ते काढायचं. शाळेतली त्रिकोणमिती पुरते.

माणूस हलायला लागला की मात्र शाळा सुटते. आकड्यात त्या आधाराचा वाटा किती आणि हालचालीचा किती, हे वेगळं करायला जायरोस्कोप लागतो. चिपमधला जायरोस्कोप भोवऱ्यासारखा गरगर फिरत नाही, तो थरथरतो. थरथरणारी वस्तू वळवली की ती बाजूला ओढली जाते. या ओढीचं गणित गास्पार कोरिओलिस यानं १८३५ मध्ये मांडलं होतं. जायरोस्कोपला वळण्याचा वेग कळतो, कोन कळत नाही. कोन हवा असेल तर क्षणाक्षणाच्या वेगाची बेरीज करत जायची आणि बेरजेत खोट साठत जाते. सेकंदाला एक दशांश अंशाची खोट धरा. मिनिटात ६ अंश, तासात ३६०. खुर्चीत शांत बसून टायपिंग करणाऱ्या बाईनं आमच्या हिशेबात तोवर एक अख्खी गिरकी घेतलेली असते.

म्हणून दोघांना एकमेकांकडून तपासून घ्यावं लागतं. अ‍ॅक्सेलरोमीटर क्षणाला बिथरतो पण लांब पल्ल्यात खरा राहतो. जायरोस्कोप क्षणाला खरा आणि लांब पल्ल्यात भरकटणारा. कुणावर केव्हा किती विश्वास टाकायचा याचा हिशेब रुडॉल्फ काल्मन यानं १९६० मध्ये मांडलेल्या गणिती फिल्टरनं किंवा त्याच्या भाऊबंदांनी केला जातो. जोडीला दिशा सांगणारा मॅग्नेटोमीटर असतो, पण शेजारी लोखंडी कपाट आलं की त्याची उत्तर दिशा सरकते, म्हणून त्याच्या नादी मी फारशी लागत नाही.

एवढं सगळं गणित जमून आलं तरी पट्टा असतो तो कातडीवर, हाडावर नव्हे. कातडी हाडावरून सरकते. घाम आला की पट्टा घसरतो, आणि घाम नेमका कधी येतो? माणूस दमत आलेला असतो तेव्हाच. छातीच्या हाडावर लावलेला सेन्सर दोन बोटं खाली उतरला की आलेखात पाठ वाकल्यासारखी दिसते. वाकलेली पाठ आणि उतरलेला पट्टा यांतला फरक आलेख स्वतःहून सांगत नाही. त्यासाठी मध्येच माणसाला दोन क्षण सरळ उभं करून मूळची ठेवण पुन्हा नोंदवून घ्यावी लागते, किंवा सरळ उठून पट्टा बघावा लागतो. प्रगत तंत्रज्ञानातलं बरंच काम असं वाकून बघण्याचं असतं.

आता मुद्द्याचं.

थकलेला माणूस कसा दिसतो, असं विचारलं तर आपण सगळे एकच चित्र काढू: खांदे पडलेले, पाय ओढत चाललेला, हालचाली मंद. असा माणूस ओळखायला सेन्सर कशाला हवा? दारातून आत आलेल्या माणसाकडे बघून घरातलं पोरही सांगेल. सेन्सरची गरज असते ती त्याच्या बऱ्याच आधी, जेव्हा काम वेळेत होतंय, खोकं जागेवर पोचतंय, माणूस हसतोय-बोलतोय आणि तरीही आत काहीतरी बदलायला लागलंय. त्या टप्प्यावर शरीर मंद होत नाही. ते खटपटी करतं.

एक उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. जमिनीवरची खोकी उचलून खांद्याच्या उंचीच्या फळीवर मांडायची, ठरावीक लयीत. आमच्याकडे आलेले एक काका आयुष्यभर मालाची चढउतार केलेले, त्यांना हे काम म्हणजे पोरखेळ. मनगट, दंड, छाती आणि कमरेच्या खाली माकडहाडाच्या वर असे पट्टे बांधलेले. सुरुवातीची खोकी दंडाच्या जोरावर वर जात होती, धड जवळजवळ हलत नव्हतं. बऱ्याच वेळानं मनगटाचा आलेख बघितला तर तसाच्या तसा: तीच उंची, तीच लय, खोकं त्याच जागी. दंडाचा आलेख मात्र बुटका झाला होता, आणि हात वर जायच्या किंचित आधी छातीच्या आलेखात एक नवाच उंचवटा उगवला होता. काका आता गुडघ्यातून छोटा झोका घेत होते, धड मागे टाकत होते आणि त्या हेलकाव्यावर खोकं वर पाठवत होते. खांद्याचं काम पाठीनं आणि पायांनी वाटून घेतलं होतं. त्यांना स्वतःला याचा पत्ताही नव्हता.

शरीराची ही लबाडी फार जुन्या काळी टिपली गेलीय. १९२०च्या दशकात मॉस्कोच्या केंद्रीय श्रम संस्थेत निकोलाय बर्नस्टाइन हा शरीरशास्त्रज्ञ छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांचा अभ्यास करत होता. सांध्यांवर छोटे दिवे लावायचे आणि फिरत्या झडपेतून छायाचित्रं घ्यायची, म्हणजे काळ्या पटावर हालचालींच्या ठिपक्यांच्या रेषा उमटतात. त्याला दिसलं की हातोडा दर वेळी जवळजवळ तिथेच पडतो, पण खांदा, कोपर, मनगट यांच्या वाटा दर वेळी निराळ्या असतात. मुरलेला कामगार तीच हालचाल पुन्हा पुन्हा करतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो दर वेळी नवी हालचाल जुळवून जुनाच परिणाम साधतो. पुढे दमेपर्यंत करवत चालवणाऱ्या आणि हातोडा मारणाऱ्या माणसांवरही अभ्यास झाले. त्यांत हत्याराची वाट फारशी बिघडत नाही. कोपराची हालचाल आखडते आणि ती उणीव दुसरे सांधे भरून काढतात.

म्हणजे जो सांधा सगळ्यात जास्त काम करतोय त्यावर सेन्सर लावून थकवा शोधणं बऱ्याचदा फुकट जातं. तिथे शरीरानं झाकपाक केलेली असते. शोधायचं ते ज्याचा या कामाशी संबंध नाही असं वाटतं त्या भागात. खांदा दमला की कमरेकडे बघा. कंबर दमली की गुडघ्याकडे. हे मला पुस्तकातून नव्हे, आलेख चाळता चाळता पटलं, आणि तेव्हापासून रांगेत उभ्या असलेल्या माणसांकडे बघायची माझी नजर जरा बिघडली आहे. पोटरी शिणली की उभ्या माणसाचं डोलणं वाढतं, तो एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत राहतो. तासभर उभा असलेला माणूस स्थिर कधीच नसतो.

चालण्यात हा खेळ आणखी बारीक होतो. पाऊल हवेतून पुढे जात असताना एका क्षणी अंगठ्याचं टोक जमिनीच्या अगदी जवळून जातं, साधारण १ ते २ सेंटीमीटर वरून. सपाट जमिनीवर आपण अख्खा दिवस या एवढ्याशा फटीच्या भरवशावर चालतो. एका पायाच्या टाचेपासून त्याच पायाच्या पुढच्या टाचेपर्यंतचा वेळ सुमारे एक सेकंद, आणि धडधाकट माणसात तो पावलागणिक जेमतेम एक-दोन टक्क्यांनी मागेपुढे होतो. घड्याळजीनं हेवा करावा असा नेमकेपणा. बुटावर लावलेल्या सेन्सरला इथे एक आयती सोय मिळते: दर पावलाला असा एक क्षण येतो की टाच आणि चवडा दोन्ही टेकलेले असतात, पाऊल पूर्ण स्थिर असतं. त्या क्षणी वेग शून्य आहे हे आपल्याला बाहेरून ठाऊक असतं, म्हणून साठलेली सगळी खोट पुसून गणित तिथून नव्यानं सुरू करता येतं. शरीरच दर सेकंदाला पाटी कोरी करून देतं. थकवा दिसतो तो सरासरीत कमी आणि या मागेपुढे होण्यात जास्त. वेग तोच, पावलांची लांबी तीच, पण पावलं एकसारखी पडेनाशी होतात. अंगठ्याखालची ती फट कधी मोठी, कधी धोक्याइतकी लहान. सपाट रस्त्यावर ठेच लागते ती त्यातल्याच एखाद्या पावलाला.

हात पुढे ताठ धरून ठेवला तर बोटं सेकंदाला ८ ते १२ वेळा थरथरतात, हे सगळ्यांच्याच बाबतीत खरं. हात भरून आला की ती थरथर मोठी होते. हालचालीतले झटकेही वाढतात, ताज्या हाताची गोलाई जाते. अशा कितीतरी खुणा आहेत आणि त्यांची यादी कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळेल.

अडचण अशी, की यातली एकही खूण थकव्याच्या एकटीच्या मालकीची नाही. बुटात खडा गेला तरी पावलं बिघडतात. मनात हिशेब चालू असेल तरी बिघडतात. कंटाळा आला की माणूस झोके घेत काम करतो, आणि काम हाताला बसत गेलं तरी त्याची पद्धत बदलते. सरावानं शोधलेली सोपी वाट आणि थकव्यानं शोधायला लावलेली आडवाट, दोन्ही आलेखात सारख्याच दिसू शकतात.

थकवा यंत्रावर चढवायची खटपट नवी नाही. १८८०च्या दशकात तुरीनमध्ये आंजेलो मोसो या शरीरशास्त्रज्ञानं एर्गोग्राफ नावाचं उपकरण बनवलं. हात पट्ट्यांनी बांधून ठेवायचा, मधल्या बोटाला दोरीनं वजन अडकवायचं आणि ठेक्यावर ते ओढत राहायचं. प्रत्येक ओढीची उंची काजळी धरलेल्या कागदावर उमटते. उंच उंच रेघा हळूहळू बुटक्या होत जातात आणि शेवटी बोट हलेनासं होतं. मोसोच्या लक्षात आलं की या उताराचा आकार माणसागणिक वेगळा असतो. कुणी बराच वेळ टिकून एकदम कोसळतो, कुणी पहिल्यापासून थोडं थोडं उतरत जातो, आणि त्याच माणसाचा आकार पुढच्या खेपेलाही बराचसा तसाच येतो. दुसरी गोष्ट त्याहून मजेशीर. विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या एका सहकारी प्राध्यापकाचं बोट त्यानं उपकरणाला जोडलं, तर बोटानं दिवसभर काही केलेलं नसताना त्याचा दम चटकन सुटला. थकवा डोक्यात शिरला होता आणि बोटातून बाहेर आला.

मोसोचा पहिला धडा आजच्या अल्गोरिदमवाल्यांनी भिंतीवर लावायला हवा. एखादं मॉडेल 'ताजा' आणि 'दमलेला' यांतला फरक झकास ओळखतं असं कानावर आलं की मी आधी एकच गोष्ट विचारते: शिकवणीतली माणसं आणि परीक्षेतली माणसं वेगळी होती का? एकाच माणसाच्या डेटाचे तुकडे करून काही शिकवायला आणि काही तपासायला वापरले, तर मॉडेल थकवा शिकत नाही, त्या माणसाची चाल पाठ करतं. अनोळखी माणूस समोर आला की ते बावचळतं. उपाय आहे आणि तो सोपा आहे: एकेका माणसाला पूर्ण बाहेर ठेवून बाकीच्यांवर शिकवायचं आणि बाहेर ठेवलेल्यावर तपासायचं. असं केलं की झोकात सांगितलेले आकडे खाली येतात, म्हणून ते टाळायचा मोह होतो. त्याहून शहाणपणाचं म्हणजे माणसाची तुलना दुसऱ्या कुणाशी न करता त्याच्या स्वतःच्या सकाळशी करावी.

तरीही एक प्रश्न उरतोच. यंत्राला शिकवताना 'हा बघ, इथे हा दमलेला आहे' असं कुणीतरी सांगावं लागतं. ते कोण सांगतं?

रक्तातलं लॅक्टेट बघता येतं, नाडी बघता येते, स्नायूंवर इलेक्ट्रोड चिकटवून त्यांचे विद्युतसंकेत संथ होत जाताना बघता येतात. पण काम करणाऱ्या माणसाबाबत बहुतेक वेळा अखेरचा शब्द असतो तो त्याचाच. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या सुमारास 'किती जोर लागतोय' हे आकड्यात सांगण्याची पट्टी तयार करायला घेतली. तिची रूढ झालेली मोजणी ६ पासून सुरू होते आणि २० ला संपते. सहा म्हणजे काहीच श्रम नाहीत, वीस म्हणजे याहून जास्त शक्यच नाही. ६ हा चमत्कारिक आरंभ का, तर आकड्याला दहानं गुणलं की निरोगी प्रौढाच्या नाडीच्या ठोक्यांशी साधारण मेळ बसतो. कागदावर छापलेली ती पट्टी समोर धरायची आणि ठरावीक वेळानं विचारायचं. सगळी चिप, सगळे फिल्टर, सगळं काल्मन शेवटी या एका प्रश्नाच्या उत्तरावर शिकून मोठं होतं.

आणि उत्तरं कशी येतात?

"काका, आता किती? दमलात का?"

"छे! एवढ्यात कुठं? अकरा लिहा."

छातीच्या आलेखातला तो नवा उंचवटा तोवर चांगला ठसठशीत झालेला असतो. मी अकरा लिहिते. लिहायलाच हवं. काकांच्या पिढीला 'दमलो' म्हणणं म्हणजे हार मानल्यासारखं वाटतं, आणि माझ्यासारख्या, त्यांच्या मुलीच्या वयाच्या बाईसमोर तर जास्तच. उलट एखादा तरुण पोरगा तिसऱ्याच खोक्याला "पंधरा" म्हणतो, कारण त्याला लवकर घरी जायचं असतं. दोन्ही उत्तरं डेटात जातात आणि यंत्र ती इमानदारीनं शिकतं. मग कुणीतरी अभिमानानं सांगतो की आमचं यंत्र माणसापेक्षा वस्तुनिष्ठ आहे. असं ऐकलं की मी चहा आणायला उठते.

माझं म्हणणं असं नाही की हे सगळं फोल आहे. मला तर काकांच्या 'अकरा'मध्ये आणि आलेखातल्या उंचवट्यामध्ये जे अंतर पडतं, तेच या तंत्रातलं सगळ्यात मोलाचं माप वाटतं. कुणाचं अंतर जास्त, कुणाचं कमी. ज्याचं शरीर एक सांगतंय आणि तोंड दुसरंच, त्या माणसाला इजा व्हायची भीती अधिक असावी असा माझा आपला कयास आहे. पण बाजारात येणारी यंत्रं हे अंतर दाखवत नाहीत. ती एकच आकडा दाखवतात, हिरव्या किंवा लाल रंगात.

पोश्चरचं प्रकरण वेगळं आणि माझ्या मते जास्त बिघडलेलं. 'पोक काढून बसू नकोस' हे आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलंय. आता तेच वाक्य पाठीला चिकटवलेलं उपकरण थरथरून म्हणतं. ठरवलेल्या कोनाच्या पुढे वाकलात की गुर्रर्र. पहिल्या दिवशी माणूस दचकून ताठ होतो, नंतर गुरगुरणं कानाआड करायला शिकतो, आणि मग उपकरण खणात जातं. मी स्वतः असं एक वापरून बघितलं. पाठ सुधारली की नाही ते सांगता येणार नाही, चिडचिड मात्र नक्की वाढली.

कोनच मुळात एवढा महत्त्वाचा आहे का? आल्फ नाकेमसन या स्वीडिश अस्थिशल्यविशारदानं १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला, आणि उभं राहण्यापेक्षा बसण्यात दाब जास्त असतो हे त्याचं मोजमाप जगभरच्या तक्त्यांवर जाऊन बसलं. १९९९ मध्ये विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक ठेवून पुन्हा मोजलं. सैल उभं असताना ०.५ मेगापास्कल, आधाराशिवाय बसलं असताना ०.४६, आणि खुर्चीत अस्ताव्यस्त रेलून बसलं असताना सुमारे ०.३. ज्या बसण्याबद्दल आपण ओरडा खाल्ला, तेच बसणं चकतीला सगळ्यात हलकं निघालं. माणूस एकच होता, त्यामुळे यावरून संहिता लिहू नये हे खरंच. पण त्याच मोजमापात पाठ वाकवून २० किलो उचलताना दाब २.३ मेगापास्कलवर गेला, आणि गुडघे वाकवून उचलताना १.७ वर. बसण्यातले फरक या आकड्यांपुढे किरकोळ आहेत. उचलणाऱ्याला सावध करणारा सेन्सर मला पटतो. बसणाऱ्याला खडसावणारा नाही.

आणि ताठ बसणं म्हणजे तरी काय? स्नायू न हलता जोर लावत राहणं. रोमर्ट या जर्मन श्रमशास्त्रज्ञानं १९६० मध्ये दाखवलं की पूर्ण ताकदीच्या निम्म्यानं एखादी वस्तू नुसती धरून ठेवली तर मिनिटभरात हात सोडावा लागतो. पंधरा टक्क्यांच्या खाली मात्र कितीही वेळ धरता येतं असं तेव्हा मानलं गेलं. पुढे हा भरवसा टिकला नाही, अगदी हलका पण सततचा जोरही स्नायूला थकवतो हे दिसून आलं. त्याचं एक स्पष्टीकरण योरान हेग या स्वीडिश संशोधकानं १९९१ मध्ये सुचवलं आणि त्याला सिंड्रेलाचं नाव दिलं. स्नायूतले छोटे तंतू कामाला सगळ्यात आधी जुंपले जातात आणि सगळ्यात शेवटी सुटतात, घरातल्या त्या राबणाऱ्या पोरीसारखे. मान आणि खांद्यातला स्नायू दिवसभर अगदी थोडा ताणलेला असला तरी ओझं त्याच त्या तंतूंवर असतं. त्यांना सुट्टी मिळते ती फक्त स्नायू पूर्ण सैल सोडला की. मग बसणाऱ्या माणसाबद्दल सेन्सरनं काय मोजावं? माझ्या मते एकच गोष्ट: शेवटचं हलून किती वेळ झाला. पोक काढा, ताठ व्हा, रेला, एका कुशीवर कला, काहीही करा, पण तसेच राहू नका. हे मोजायला साधा अ‍ॅक्सेलरोमीटर पुरतो, आणि त्यासाठी महागडं अ‍ॅप विकता येत नाही, हीच बहुधा अडचण.

कामाच्या जागी पोश्चर तपासण्याची रीत याहून पुष्कळ विचारपूर्वक बनलेली आहे. रूला ही पद्धत मॅकअ‍ॅटॅम्नी आणि कॉर्लेट यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. तपासनीस कागद घेऊन उभा राहतो, दंड किती वर, मान किती खाली, धड किती वळलेलं हे बघून गुण देतो आणि शेवटी १ ते ७ मधला एक आकडा काढतो. ७ आला तर काम लगेच बदला. पद्धत चांगली, पण तपासनीस बघतो ती कामाची एखाद-दुसरी ठेवण, आणि तो बघतोय म्हटल्यावर कामगारही जरा नीटच वाकतो. पट्टा कामाची अख्खी पाळी सोबत असतो. दंड ६० अंशांच्या वर गेलेला क्षण दिवसात एकदाच आला, का पाळीचा तिसरा हिस्सा तसाच गेला, हा फरक कागदावर दिसत नाही, आलेखात दिसतो. पट्ट्याचं खरं बळ मला इथे वाटतं.

पण पाळीभराची ही नोंद कुणाच्या टेबलावर जाऊन पडते? फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकी जोडप्यानं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कामगारांच्या बोटांना छोटे दिवे बांधून, कॅमेऱ्याचं भिंग बराच वेळ उघडं ठेवून हालचालींच्या प्रकाशरेषा टिपल्या. आजच्या पट्ट्यांचे हे पणजोबाच. १९१६ मध्ये त्यांनी थकव्यावर पुस्तकही लिहिलं, कामगाराला बरी खुर्ची आणि विश्रांती मिळावी म्हणून आग्रह धरला. त्याच रेषा बघून मालकाला मात्र दिसलं ते इतकंच की अमुक हालचाल गाळली तर तासाला आणखी नग निघतील. आलेखाचा यात काही दोष नव्हता.

कायद्यानंही हा विषय हाताळलाय आणि तो कसा, हे बघण्यासारखं आहे. युरोपीय संघाच्या २०२४च्या एआय कायद्यानं कामाच्या जागी माणसाच्या भावना ताडणाऱ्या यंत्रांवर बंदी घातली, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळून. मात्र वेदना आणि थकवा या शारीरिक अवस्था आहेत, भावना नव्हेत, असं त्याच्या प्रास्ताविकात स्पष्ट म्हटलंय, आणि वैमानिक व चालकांचा थकवा ओळखणाऱ्या यंत्रणांचं उदाहरण दिलंय. अपघात टाळायचे म्हणून हे योग्यच. तिथे जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकाची पेंग ओळखणारी यंत्रणा सक्तीची आहे, तिलाही माझी हरकत नाही. पण मोसोचा तो प्राध्यापक आठवतो. परीक्षा घेऊन आलेल्या माणसाच्या बोटात उतरलेला थकवा शारीरिक होता की आणखी काही? कंटाळलेला, चिंतेत असलेला, घरच्या काळजीनं झोप न झालेला माणूस पट्ट्याला दमलेलाच दिसणार. रेघ कागदावर ओढता येते, अंगात ती कुठून जाते ते मला तरी आलेखात कधी दिसलेलं नाही.

म्हणून मी एक आग्रह धरते आणि त्यावरून कामाच्या ठिकाणी थोडी हुज्जतही होते: आलेख सर्वांत आधी ज्याचा आहे त्याला दाखवायचा. वेळ जातो, लोक प्रश्न विचारत बसतात, दुपारचं वेळापत्रक कोलमडतं. काकांना त्यांचा आलेख दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बोटानं रेघ गिरवली. छातीतल्या त्या उंचवट्यापाशी मी थांबले आणि म्हटलं, "इथून तुम्ही पाठीवर घेताय बघा."

"ते काय दमून नाही," काका म्हणाले. "इथं खोक्याची कड हाताला काचायला लागली. म्हणून झोका दिला." मग बोट बरंच पुढे सरकवून, जिथे मला काहीच वेगळं दिसत नव्हतं अशा जागी ठेवलं. "दमलो ते इथं. पण तुम्ही तेव्हा विचारलं नाहीत."

मी ती वेळ टिपून घेतली आणि खोक्यांच्या कडांना कापडी पट्टी लावायला सांगितली. आकड्यांमध्ये नेमकं तिथे काय बदलतं ते अजून शोधते आहे. कमरेच्या सेन्सरमध्ये काहीतरी असावं असा संशय आहे.